टोकियोतली पिवळी पट्टी आणि पंचवटीतली मावशी

घरी फोन केला की सगळे शिंकान्सेनबद्दलच, म्हणजे इथल्या जपानी बुलेट ट्रेनबद्दलच विचारतात, स्पीड किती, खरंच वेळेवर येते का वगैरे. आहेच ती भारी, १९६४ पासून धावतेय आणि वेळेबद्दल जे ऐकलंय ते खरंय. पण मला इथे सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, फुटपाथवरची पिवळी पट्टी!

टोकियोत स्टेशनात आणि मोठ्या रस्त्यांवर पायाखाली ही खडबडीत पट्टी असतेच. लांब रेघा असल्या की सरळ चालत राहायचं, गोल ठिपके लागले की थांबायचं, कारण पुढे जिना, क्रॉसिंग नाहीतर प्लॅटफॉर्मची कड आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना काठीने नाहीतर तळपायाने हे कळतं. सेइची मियाके नावाच्या माणसाने १९६५ मध्ये या फरशा बनवल्या, १९६७ मध्ये ओकायामा शहरात अंध मुलांच्या शाळेजवळ त्या पहिल्यांदा बसवल्या आणि मग जगभर गेल्या. आपल्या नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवरच्या पिवळ्या टाइल्स त्याच.

एकदा हे लक्षात आलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. काही सिग्नलला हिरवा दिवा लागला की पक्ष्याचा आवाज येतो, एका दिशेला कुक्कू आणि दुसऱ्या दिशेला चिवचिव, म्हणजे कुठला रस्ता मोकळा झाला ते कानाने कळतं. शाम्पूच्या बाटलीवर बारीक खाचा असतात, कंडिशनरच्या नसतात. साध्या दुधाच्या खोक्याला वर छोटीशी खाच असते आणि बिअरच्या कॅनवर ब्रेलमध्ये लिहिलेलं असतं की ही दारू आहे. व्हीलचेअरवाला प्रवासी आला तर स्टेशनचा माणूस रॅम्प टाकून त्याला डब्यात चढवतो आणि उतरायच्या स्टेशनला कळवतो, तिथे दुसरा माणूस रॅम्प घेऊन उभाच असतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी माझी ट्रेन सोडून बघत राहिले होते.

सगळं छान आहे असं नाही, इथेही लोक पट्टीवर सायकली लावतात, आणि कुणी अडखळत असेल तर पटकन हात द्यायला बरेच जण बिचकतात. त्या बाबतीत नाशिक खूप पुढे आहे, शालिमारला एखादी म्हातारी बाई रस्त्याकडेला नुसती उभी राहू दे, कुणीतरी "या आजी" म्हणत रस्ता ओलांडून देणारच.

पण माझी पंचवटीतली मावशी आहे, काचबिंदूने तिची नजर बरीचशी गेलीये. आधी रोज गोदाघाटावर जायची, बुधवारचा बाजार एकटी करायची, भाजीवाल्यांशी मनसोक्त भांडायची. आता कुणी मोकळं असेल तर जाते, नाहीतर घरात. मागे फोनवर म्हणाली, "अगं लोक चांगलेच आहेत, पण दरवेळी कुणाचा तरी हात धरायचा, मला नको वाटतं ते." तेव्हापासून ही पट्टी बघितली की मला तीच आठवते, कारण ही पट्टी म्हणजे कुणाला न विचारता घराबाहेर पडता येणं आहे, आणि मला विचाराल तर बुलेट ट्रेनपेक्षा हे तंत्रज्ञान मोठं आहे, ना वीज लागते ना ॲप.

आता २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्त्यांची कामं निघालीयेत, लाखो लोक येणार, त्यात म्हातारी माणसं किती असतील विचार करा. रस्ता उकरलेला असतानाच पट्टी बसवणं सोपं पडतं, नंतर कोण पुन्हा फोडणार? फक्त ती सलग हवी, मधेच विजेचा खांब नाहीतर उघडं चेंबर आलं तर नसलेली बरी. तुमच्या नगरसेवकाशी बोलणं होत असेल तर हे नक्की सांगा, रविवार कारंजा ते रामकुंड एवढा एक पट्टा जरी नीट झाला तरी मावशीसारखे कितीतरी जण आपापले घाटावर जातील.