आमची वाटचाल : फोर्ट कोचीची वही

आमच्या सहलींच्या ऑफिसात कॉम्प्युटर आहे, प्रिंटर आहे. पण केरळातल्या फोर्ट कोचीला कोणत्या कुटुंबाला कोणत्या घरात उतरवायचं हे ठरवायची वेळ आली की आम्ही नवरा-बायको ड्रॉवरमधून एक लांबट वही काढतो. लाल कापडी पुठ्ठ्याची, जळगावच्या दाणाबाजारात व्यापारी हिशेबाला वापरतात तसली. एका पानावर एक घर. घरमालकिणीचं नाव नंतर, आधी जिन्याच्या पायऱ्या : "17, उभ्या, कठडा एकाच बाजूला." खाली "मच्छरदाणी मागावी लागते." एका पानावर हिच्या अक्षरात एवढंच आहे : "पहाटे 5 ला माशाचा वास. माणसं सोन्यासारखी."

पाटी टांगली तेव्हा आम्ही झेरॉक्स काढत होतो आणि रेल्वेची तिकिटं करून देत होतो. मग जीप ठरवून वणी, शेगाव, मुक्ताईनगर. त्या सहलींत सांगण्यासारखं फार काही नाही. माणसं देवाला जातात, गाडी वेळेवर आली की खूश असतात. केरळ आमच्या डोक्यात आणलं ते मंगला एक्सप्रेसनं. दिल्लीहून एर्नाकुलमला जाणारी ही गाडी भुसावळला थांबते, जळगावला थांबते, कल्याण-पनवेलवरून कोकण रेल्वेला लागते आणि थेट कोचीच्या दारात सोडते. रात्री बसायचं, दुसरा अख्खा दिवस बोगदे आणि नद्या बघायच्या, तिसऱ्या दिवशी केरळ. मुंबईला उतरणं नाही, सामान घेऊन पूल चढणं नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला सहलीत दुसरं काय हवं असतं?

पहिला गट 2013 च्या डिसेंबरात नेला. 22 माणसं, मुक्काम एर्नाकुलमच्या हॉटेलात, फोर्ट कोची अर्धा दिवस. मासेमारीची चिनी जाळी बघा, चर्च बघा, बसमध्ये बसा. त्यात मी शुक्रवार निवडला होता, आणि शेजारच्या मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. ज्याच्या भिंतींवरची रामायणाची चित्रं दाखवतो म्हणून मी दोन महिने सांगत होतो, त्याच्या बंद दारासमोर आम्ही सगळ्यांनी फोटो काढला. गटात एक निवृत्त गुरुजी होते. परतीच्या गाडीत खेडच्या आसपास म्हणाले, "भाऊ, त्या गल्ल्यांतल्या घरांत माणसं राहतात ना? खिडकीत एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे चहा मिळाला असता तर मी राजवाडा सोडून दिला असता."

ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही. पुढच्या खेपेला घरगुती मुक्काम ठेवायचा असं ठरवलं आणि तिथेच आपटलो.

चूक माझीच. घर फोटोवरून घेतलं. नावात हेरिटेज होतं, फोटोत नक्षीचे लाकडी खांब होते, दारावर पितळी फुलं होती. तीन कुटुंबं घेऊन पोचलो तर घर स्लॅबचं. खांब मट्टनचेरीच्या ज्यू टाउनमधून आणलेले. तिथे जुन्या वास्तूंचे खांब, दारं, पेटारे विकणारी दुकानं आहेत. ते खांब सिमेंटच्या खांबांना बोल्ट मारून बसवलेले होते. मालक तिथे राहतच नव्हता. एक पोरगा किल्ली देऊन गेला. रात्री पाण्याची मोटर बंद पडली, त्याचा फोन लागेना. पारोळ्याच्या एका काकूंनी खांबावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "हा तर पोळ्याच्या बैलासारखा नुसता सजवलाय." त्या तीन कुटुंबांचे मुक्कामाचे पैसे आम्ही परत केले. तेव्हा ती रक्कम आमच्यासाठी मोठी होती, हिची एक पाटली महिनाभर गहाण होती.

तेव्हापासून नियम केला : ज्या घरात आम्ही स्वतः एक रात्र झोपलो नाही, तिथे गिऱ्हाईक पाठवायचं नाही. मुलीसाठी स्थळ बघायला जातात ना, तसंच. पत्रिका जुळली म्हणून कुणी हळद लावत नाही.

कागद बघायचेच. केरळच्या पर्यटन खात्याचं होमस्टेचं वर्गीकरण आहे : डायमंड, गोल्ड आणि सिल्व्हर. घरमालकाचं कुटुंब त्याच घरात राहिलं पाहिजे आणि खोल्या 6 पेक्षा जास्त नकोत, या त्यातल्या मुख्य अटी. आमच्या दृष्टीनं पहिली अट लाखाची. मालकीण स्वयंपाकघरात असली की मोटर बंद पडल्यावर पहिली आरडाओरड तीच करते. पण घर किती जुनं आहे ते त्या पाटीवरून कळत नाही, गोल्डची पाटी कालच्या बंगल्यालाही मिळते. केंद्राच्या नियमात हेरिटेज हॉटेलसाठी इमारत 1950 पूर्वीची लागते, पण तो नियम हॉटेलांचा. घराला हेरिटेज म्हणायला पाटी रंगवणारा पेंटर पुरतो.

मग जुनेपण ओळखायचं कसं? आमची खूण साधी आहे. खिडकीच्या कोनाड्यात मांडी घालून बसता आलं पाहिजे. फोर्ट कोचीची जुनी घरं जांभ्या दगडाची, चुन्याच्या गिलाव्याची. भिंती अशा जाड की दुपारी आत शिरल्यावर डोक्यावरून गार पाणी घेतल्यासारखं वाटतं. धाब्याच्या घरात वाढलेल्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. धुळ्याच्या एक आजी अशाच कोनाड्यात टेकल्या आणि म्हणाल्या, "हाई घर ते मना मामाना घरसारखं शे." मामाचं घर पांढऱ्या मातीचं, हे जांभ्याचं आणि कौलारू, पण भिंतीची जाडी पाठीला बरोबर कळते. दुसरी खूण वर बघायची. माडीची जमीन फळ्यांची असेल तर खालून तुळया दिसतात आणि वर कुणी चाललं की आवाज येतो. तो आवाज ज्यांना सहन होत नाही त्यांना आम्ही सरळ एर्नाकुलमच्या हॉटेलात ठेवतो. त्यात कमीपणा काही नाही.

जुन्या घराचा त्रासही जुनाच. न्हाणीघर खोलीला नंतर जोडलेलं, त्यामुळे उंबरा ठेच लागेल असा. समुद्राच्या हवेनं भिंतीला पोपडे. पावसाळ्यानंतर दोन महिने गाद्यांना ओलसर वास. संध्याकाळी खिडक्या लावून घेतल्या नाहीत तर डास जेवू देत नाहीत. हे आम्ही पैसे घेण्याआधी सांगतो. निम्मी गिऱ्हाइकं इथेच गळतात आणि ते बरंच आहे.

"किल्ला कुठाय?" हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. फोर्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पारोळ्याचा भुईकोट. इथे किल्ल्याचे अवशेष तेवढे उरलेत, नाव मात्र टिकलं. पोर्तुगीज 1500 साली इथे आले, 1503 मध्ये त्यांनी किल्ला बांधायला घेतला. तेव्हा आपल्या खानदेशात फारुकींचं राज्य होतं आणि त्यांची राजधानी बुऱ्हाणपूर, म्हणजे रावेरच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर. 1663 मध्ये डच आले, 1795 मध्ये इंग्रज. प्रत्येकानं आधीच्याची घरं काही पाडली, काही वाढवली. म्हणून एकाच घराच्या मागच्या भिंतीला एक वय आणि पुढच्या व्हरांड्याला दुसरं. वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला, सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं, नंतर त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. रिकाम्या थडग्यापाशी आपली माणसं मिनिटभर थांबतात. खरी गर्दी बाहेर, नारळपाणीवाल्याकडे.

बर्गर स्ट्रीट, प्रिन्सेस स्ट्रीट, रोझ स्ट्रीट या गल्ल्यांत पायी हिंडणं हेच मुख्य काम, त्यामुळे घर गल्लीत आहे की रस्त्यावर याला फार महत्त्व. मुलं बरोबर असतील तर चिनी जाळ्यांजवळचं घर. चार-पाच कोळी पहाटे दोर ओढून ते अवाढव्य लाकडी धूड पाण्याबाहेर काढतात. जाळ्याच्या दोरांना वजन म्हणून दगड बांधलेले, अगदी विहिरीच्या तोलासारखा हिशेब. गुडघे दुखणारे असतील तर तळमजला, मग चर्चची घंटा ऐकू आली तरी चालेल. नवं लग्न झालेलं जोडपं असेल तर वरची गॅलरी आणि बोलकी मालकीण नको. हे शेवटचं वहीत लिहिलेलं नाही, हिला तोंडपाठ आहे.

जेवणाचा विषय निघाला की आमची खरी परीक्षा. खोबरेल तेल. "केसांना लावायचं तेल भाजीत?" हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. फोर्ट कोचीत आम्ही निवडलेली बरीच घरं ख्रिस्ती कुटुंबांची, तिथे मासळी रोज शिजते. आमच्या गिऱ्हाइकांत जैन आहेत, गुजर आहेत, माळकरी आहेत. सुरुवातीला आम्ही मालकिणीला वेगळी भांडी ठेवायला सांगत असू. ते पाळलं गेलं, पण कुणाच्या घरात जाऊन त्यांच्या चुलीवर अटी घालणं आमच्या मनाला पटेना. उत्तर मट्टनचेरीत सापडलं. तिथे गुजराती व्यापाऱ्यांची जुनी वस्ती आहे, जैन मंदिर आहे, शाकाहारी थाळी मिळते. आता जैन कुटुंबांना नाश्ता घरी आणि सूर्यास्तापूर्वीचं जेवण तिकडे. जळगावचे एक डाळमिलवाले शेठ सुंठ-मिऱ्याच्या वखारी बघत तिथल्या बाजारात असे रमले की सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, राहूनच गेलं. 1568 सालचं, चिनी फरश्यांचं ते सिनेगॉग शनिवारी बंद असतं हे मी त्यांना आदल्या दिवशी सांगितलं होतं. "पुढच्या वेळी," म्हणाले आणि सुंठेचा भाव विचारायला लागले.

रावेरच्या केळीवाल्यांचा गट तर वेगळंच प्रकरण. सकाळी पुट्टूबरोबर, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या नळकांड्यांबरोबर, उकडलेलं नेंद्रन केळं आलं. दहाही जणांनी ते आधी हातात घेऊन फिरवून पाहिलं, साल किती जाड, गर किती घट्ट. मग मालकिणीला विचारलं, घड किती किलोचा येतो? आंटी गोंधळल्या. शेवटी त्यांचा शेजारी बोलावला, त्याच्या परसात चार खुंट होते. चर्च, जाळी, राजवाडा सगळं दुपारवर गेलं.

हंगामाचंही शिकत गेलो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, शाळांना सुट्टी, म्हणून सगळ्यांना मेमध्येच जायचं असतं. पण तिथला मे म्हणजे घामाची आंघोळ, आणि जूनच्या तोंडावर पाऊस. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकही बदलतं, गाड्या सावकाश धावतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आमचा काळ. त्यातही 31 डिसेंबर टाळतो. त्या मध्यरात्री तिथे पप्पांजी नावाच्या म्हाताऱ्याचा प्रचंड पुतळा जाळतात आणि सगळं कोची तिथे लोटतं. एकदा सत्तरीच्या आठ जणांना नेलं होतं. झोप कुणालाच आली नाही. दोघे नाना मात्र मफलर गुंडाळून जे बाहेर पडले ते अडीचला उगवले. 2012 पासून तिथे बिनाले भरतो, म्हणजे मोठं कलाप्रदर्शन, तोही डिसेंबरात सुरू होतो. ज्या वर्षी तो असतो त्या वर्षी खोल्यांचे भाव ऐकून आम्हीच दचकतो.

2018 च्या ऑगस्टमध्ये केरळात महापूर आला, कोचीचा विमानतळ पंधरवडाभर बंद होता. आमचे दोन गट रद्द झाले. 2020 त तर शटरच ओढलं, पुन्हा झेरॉक्सवर आलो. त्या वर्षी सतरा पायऱ्यांच्या घरातल्या आंटींनी आमचा आगाऊ दिलेला पैसा न मागता परत पाठवला. आम्ही त्यांना कुरिअरनं शेंगदाण्याची चटणी पाठवली. व्यवहार बरोबरीत सुटला असं मी म्हणत नाही.

अलीकडचा फरक रेल्वेचा. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस झालं. पूर्वी आधी तिकिटं, मग घर असा क्रम होता. आता चांगली घरं तीन-चार महिने आधीच भरतात, म्हणून घर पक्कं करून तिकिटाच्या नशिबावर बसायचं. साठाव्या दिवशी सकाळी आठला ऑफिसात कुणी बोलत नाही.

वहीत सध्या 11 घरं आहेत, होती 14. तीन पानांवर हिनं तिरकी रेघ मारली आहे. एका घरातले आजोबा गेले आणि दाराला कुलूप लागलं. दुसरं विकलं, तिथे आता कॅफे आहे. तिसऱ्यात मालक राहायला दुसरीकडे गेले आणि व्यवस्था भाड्यानं दिली. खोल्या त्याच आहेत, पण आमच्या नियमात बसत नाही.

मागच्या महिन्यात सतरा पायऱ्यांच्या आंटींचा फोन आला. मुलगा ऑस्ट्रेलियात, तो तिकडेच या म्हणतो. कौलं उतरवून तुळया बदलायच्या झाल्या आहेत, जुन्या कामाचा सुतार मिळत नाही. दिवाळीनंतरच्या गटाची दोन कुटुंबं घेईन म्हणाल्या, जानेवारीचं मात्र विचारू नकोस. येताना भरिताची वांगी आण, मागच्या वेळची चांगली भाजली गेली, आणि या वेळी त्यात ओलं खोबरं घालणार नाही, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हिनं वही उघडली, त्या पानावर जानेवारीच्या चौकटीत पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढलं आणि बामणोदला वांग्यांसाठी फोन लावला.