इंटेलची फाउंड्री: आकडे कुठले बघायचे?

मार्च 2021 मध्ये तेव्हाचे सीईओ पॅट गेल्सिंगर यांनी अमेरिकी चिप कंपनी इंटेलची दिशा बदलली: स्वतःच्या कारखान्यात इतरांच्याही चिप बनवायच्या, म्हणजेच फाउंड्री चालवायची. कल्पना चुकीची नव्हती. पैशांचं गणित मात्र अवघड होतं.

कारखान्याचा खर्च आधी होतो, ग्राहक नंतर येतो. यंत्रं चालू झाली की घसारा सुरू, मग ऑर्डर असो वा नसो. 2023 मध्ये फाउंड्री विभागाची विक्री 18.9 अब्ज डॉलर दिसली, पण त्यातली जवळजवळ सगळी इंटेलच्याच इतर विभागांना केलेली. तोटा सुमारे 7 अब्ज. म्हणून एकूण विक्रीवर जाऊ नका, बाहेरच्या ग्राहकांकडून आलेली रक्कम वेगळी काढा. त्यानंतर भांडवली खर्च वजा करून उरणारी रोकड बघा, आणि यील्ड, म्हणजे एका वेफरमधून (ज्यावर चिप बनतात त्या सिलिकॉनच्या चकतीतून) किती चिप चांगल्या निघतात ते. यील्ड कमी असेल तर प्रत्येक चांगली चिप महाग पडते आणि मोठा ग्राहक टीएसएमसी (इतरांसाठी चिप बनवणारी तैवानी कंपनी) सोडत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये लाभांश थांबवणं आणि 15 टक्क्यांहून अधिक कर्मचारीकपात एकदमच जाहीर झाली. दुसऱ्या दिवशी शेअर 26 टक्के कोसळला. लाभांशासाठी शेअर धरलेल्यांना थांबायचं कारणच उरलं नाही. डिसेंबरमध्ये गेल्सिंगर सीईओपदावरून गेले.

2025 मध्ये अमेरिकी सरकारने 20.47 डॉलर दराने जवळपास 10 टक्के हिस्सा घेतला. यातून पैसा मिळतो, ऑर्डर मिळत नाहीत. माझ्या मते 14ए या इंटेलच्या पुढच्या पिढीच्या चिपनिर्मिती प्रक्रियेसाठी बाहेरचा मोठा ग्राहक नक्की होणं, ही बातमी त्याहून मोलाची.