क्यूनंतर यू नसलेले शब्द आणि मॅडमची सही

इथे बडोद्यात मुलीच्या शाळेत इंग्रजी सप्ताह होता. सातवीच्या मुलांना अक्षरांचे प्रकार वाटून दिले होते. कुणाला पाचही स्वर असलेले शब्द, कुणाला सुरुवातीला मुका 'पी' असलेले, आणि आमच्या वाट्याला आले ते क्यूनंतर यू नसलेले. २० शब्द, अर्थासह, चार्टवर. पण चार्टला हात लावण्याआधी यादीवर समन्वयक मॅडमची सही घ्यायची. हे सगळं लिहितेय ते त्या सहीपायी.

शब्द मिळायला वेळ लागला नाही. घरात स्क्रॅबल आहे, अक्षरांच्या सोंगट्या जुळवून इंग्रजी शब्द करायचा खेळ. त्यातल्या १०० सोंगट्यांत क्यू एकच, १० गुणांचा, आणि यू फक्त ४. यू आला नाही की क्यू हातातच कुजतो, म्हणून खेळणारे हे शब्द पाठ करतात. सगळ्यांचा लाडका 'ची', स्पेलिंग फक्त क्यू-आय, म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. अमेरिकेतल्या स्पर्धांच्या यादीत तो २००६ साली घेतला गेला. बाकीचे बरेचसे शब्द अरबी-फारसीतून आलेले. घशातून येणारा जो 'काफ', तो रोमन लिपीत लिहिताना क्यू वापरतात, आणि तिथे यूचं काही काम नसतं. काझी, फकीर, कव्वाली, कसीदा, किब्ला, तलाक, निकाब... आमच्या आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, चहा पिता पिता निम्मी यादी सांगून टाकली. कोशात बघितलं तर 'कलमदान'सुद्धा इंग्रजीत क्यूने आहे! आप्पांची कॉलर ताठ.

मग शाळा. मॅडम मधल्या सुट्टीतच भेटतात, आणि मधल्या सुट्टीत त्या राउंडला गेलेल्या असतात. बाकावर बसून राहायचं. शिपाईकाका दर वेळी तेच सांगणार, "मॅडम राउंडमां छे."

भेटल्या तेव्हा यादीकडे न बघताच म्हणाल्या, "बेन, क्यू पछी यू तो आवे ज." म्हणजे क्यूनंतर यू येतोच. अहो, विषय तुम्हीच दिलात! तर म्हणे विषय वरून आला, त्यांना वाटलं टायपिंगची चूक असेल. मी इतिहास सांगून पाहिला. जुन्या इंग्रजीत 'क्वीन' हा शब्द सी-डब्ल्यूने लिहीत. १०६६ साली नॉर्मन लोक इंग्लंडात आले आणि त्यांच्या लेखनिकांनी फ्रेंच-लॅटिन वळणाने क्यू-यू बसवला. म्हणजे नियम तेवढ्याच शब्दांचा. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. शाळेत इतिहास सांगत बसू नका, त्याने काहीही हलत नाही.

पुढच्या खेपेला आक्षेप स्पेलिंगवर. फकीर 'के'ने लिहितात, मग हा क्यूवाला चुकीचा. काझी पण के, सी, क्यू, कसाही सापडतो. खरं तर दोन्ही रूपं कोशात असतात, पण ज्यांना नाहीच म्हणायचंय त्यांना दुसरं रूप पुरतं. म्हणून सांगते, ज्यांचं क्यूवालं रूपच मुख्य आहे असे शब्द आधी घ्या. 'कनात' घ्या. तंबूची नव्हे, इराणमधली, उतारावर जमिनीखालून पाणी आणणारी बोगद्यांची रांग, मध्ये मध्ये विहिरीसारखे उभे झरोके. इराणच्या ११ कनातींना युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा म्हटलंय. मुलीला समजावताना मी आपल्याकडच्या अशाच जमिनीखालच्या पाण्याच्या वाटांचं, औरंगाबादच्या मलिक अंबरच्या नहरीचं आणि बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं नाव घेतलं, तिला लगेच कळलं.

त्यानंतर आक्षेप विषयावर. तलाक नको, लहान मुलं आहेत. निकाब, किब्ला नको, धार्मिक होतं. क्यू-ए-टी नको, कारण येमेन-इथिओपियात तो पाला तरतरीसाठी चघळतात, आणि शाळेच्या भिंतीवर नशा कशी लावणार? हे मला पटलंही. पण यादी निम्मी झाली ना! 'किव्हिउट', म्हणजे आर्क्टिककडच्या मस्क ऑक्सची आतली मऊ लोकर, हा माझा हुकमाचा एक्का होता. तोही खोडला, कारण त्यात पुढे कुठेतरी यू आहे. लगेच नंतर नाही हो, मध्ये आय-व्ही-आय आहे, असं बोट ठेवून दाखवलं. "पण छे ने?"

'क्वर्टी'वर मात्र माझा आवाज चढला. मॅडमच्या टेबलावरच कीबोर्ड होता, वरच्या ओळीची पहिली सहा अक्षरं तीच. शोल्स नावाच्या अमेरिकन संशोधकाने ती मांडणी टाइपरायटरसाठी केली, १८७८ च्या पेटंटमध्ये ती दिसते, आणि आज तो कोशातला रीतसर शब्द आहे. मॅडम म्हणाल्या, हा शब्द कसला, ही तर बटणं आहेत.

शेवटी काय पाहिजे ते एकदाचं बोलल्या. छापील कोशाच्या पानाची झेरॉक्स. मोबाइलवरचं चालणार नाही. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या जाणकाराला बोलावून बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, ती ही. काचेच्या जमिनी बघायला मुलगी खूश. जाड कोशात क्यूची पानं थोडीच असतात, त्यामुळे काम पटकन होतं. तिथेच नवे शब्दही सापडले. 'कोफ' हे हिब्रू वर्णमालेतलं १९वं अक्षर, क्यूचं भावंड. 'चिन' ही चिनी तंतुवाद्याची जात. 'उमियाक' ही इन्युइटांची कातडी मढवलेली होडी, यात क्यू शेवटी येतो. शेवटी क्यू असलेले शब्द शोधायला मुलं विसरतात, तुम्ही विसरू नका.

यादीला आम्ही 'स्रोत' असा चौथा रकाना जोडला, त्यात कोशाचं नाव आणि पान क्रमांक लिहिला आणि झेरॉक्स टाचली. मॅडमनी फक्त तो रकाना बघितला, शब्द वाचलेच नाहीत. सही झाली. 'क्वर्टी'सकट! बाहेर आल्यावर शिपाईकाकांना मी पेढा दिला, इतकी हलकी झाले होते.

तर कुणाच्या मुलाला असलं काही मिळालं तर आधी विचारा, कुठला कोश चालेल. मग यादी. आणि मागितलेल्यापेक्षा निदान निम्मे शब्द जास्त घेऊन जा, खोडाखोड होणारच. देशांची नावं घालू नका. इराक आणि कतार सगळ्यात आधी सुचतात आणि विशेषनाम म्हणून सगळ्यात आधी जातात.

हो, एक राहिलंच. शेवटी एस लावून एका शब्दाचे दोन करू नका, अनेकवचनं मोजत नाहीत. आमच्या यादीत 'किंदार्का' हे अल्बानियाचं सुटं नाणं होतं, असे १०० म्हणजे १ लेक. इंग्रजी कोशात ते 'किंदार'चं अनेकवचन म्हणून दिलंय. शेवटी एस नसल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि ते चार्टवर दिमाखात बसलंय.