वरची तारीख

ब्लॉग सुरू करणाऱ्या बहुतेकांची पहिली नोंद एकाच साच्यातली असते आणि माझीही तशीच होती. "नमस्कार! हा माझा पहिला ब्लॉग. लिहायचे बरेच दिवस मनात होते, पण वेळ मिळत नव्हता. यापुढे येथे नियमित लिहीत जाईन." एवढे नमनाला घडाभर तेल जाळून मी समाधानाने संगणक बंद केला आणि दुसरी नोंद लिहायला सात महिने लावले. त्या दुसऱ्या नोंदीची सुरुवात "मध्यंतरी लिहिणे जमले नाही, क्षमस्व" अशी होती, हे वेगळे सांगायला नकोच. ज्याची क्षमा मागावी असा एकही वाचक तोवर त्या पानाकडे फिरकलेला नव्हता, ही गोष्ट मात्र माझ्या लक्षात फार उशिरा आली.

त्या पहिल्या नोंदीत आणखी एक चूक होती, जी आजही सर्रास होते. "मी काल एक ब्लॉग लिहिला" असे लोक म्हणतात, तेव्हा त्यांना एक लेख लिहिला असे म्हणायचे असते. वास्तविक ब्लॉग ही सगळी वही, आणि तिच्यातले एकेक पान म्हणजे पोस्ट किंवा नोंद. एक कविता लिहून कवितासंग्रह लिहिल्याचे सांगावे, तसा हा प्रकार आहे. आता वापरानेच या चुकीवर शिक्कामोर्तब केले असल्यामुळे मी कोणाला टोकत नाही. पण नवख्या माणसाने हा फरक मनाशी धरून ठेवला तर त्याचे पुष्कळसे गोंधळ आपोआप मिटतील असे मला वाटते, कारण लेख लिहून संपतो आणि वही मात्र उद्याही उघडायची असते.

हा शब्द आला तोच मुळी वहीवरून. लॉग म्हणजे लाकडाचा ओंडका. जुने खलाशी जहाजाचा वेग मोजण्यासाठी गाठी मारलेल्या दोरीला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सुटल्या ते मोजत. सागरी वेगाला आजही नॉट, म्हणजे गाठ, म्हणतात ते त्यामुळेच. हे आकडे तारीख-वेळेसह ज्या वहीत उतरत ती लॉगबुक. इंटरनेटवर भटकताना सापडलेल्या गोष्टी अशाच ओळीने नोंदवून ठेवण्याच्या उद्योगाला जॉर्न बार्गर यांनी १९९७ च्या डिसेंबरात वेबलॉग हे नाव दिले, आणि १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी आपल्या पानाच्या कडेला तोच शब्द गमतीने भलत्या जागी तोडून 'वी ब्लॉग' असा लिहिला. त्या तुटलेल्या शब्दाचा मागचा तुकडा जगभर रूढ झाला. मराठीत त्यासाठी अनुदिनी आणि जालनिशी असे दोन शब्द घडवले गेले. दोन्ही देखणे आहेत, पण अनुदिनी या शब्दाची मला थोडी भीती वाटते. त्यात रोज लिहिण्याचे वचन आहे, आणि ते पाळणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही.

ओंडक्यापासून ब्लॉगपर्यंतच्या या प्रवासात एक गोष्ट टिकून राहिली, ती म्हणजे तारीख. प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर ती छापली जाते, आणि सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर बसते. ऐकायला ही क्षुल्लक तांत्रिक बाब वाटते, पण ब्लॉगचा सगळा स्वभाव तिच्यातून घडलेला आहे. पुस्तक पहिल्या पानापासून उघडते आणि ब्लॉग शेवटच्या पानापासून. नवा वाचक येतो तो आपण काल काय लिहिले ते वाचत, आणि आपण कोण, कशासाठी लिहितो, हे सांगणारी ती प्रेमाची पहिली नोंद तोवर तळाला जाऊन गाळात रुतलेली असते. म्हणून स्वतःची ओळख नोंदीत न देता 'माझ्याविषयी' अशा वेगळ्या, बिनतारखेच्या पानावर द्यावी, आणि पहिली नोंद थेट विषयाची असावी. मागचे संदर्भ वाचकाला ठाऊक असतील असेही गृहीत धरू नये. जुन्या नोंदीचा उल्लेख आला की तिथेच तिचा दुवा द्यावा. हे मला कोणी सांगितले असते तर माझे सात महिने वाचले असते असे मी म्हणणार होते. पण खरे सांगायचे तर सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

कारण त्या काळात मी सजावटीत गुंतले होते. ब्लॉग उघडणे हे काम म्हणजे निव्वळ पाच-दहा मिनिटांचे आहे. १९९९ मध्ये ब्लॉगर आणि २००३ मध्ये वर्डप्रेस ही ब्लॉग लिहिण्याची साधने आल्यापासून सांकेतिक भाषेतल्या खुणा हाताने टंकत बसण्याची गरज उरलेली नाही. खाते काढायचे, नाव द्यायचे, चौकटीत लिहायचे आणि बटण दाबायचे, की झाले. एवढ्या सोप्या कामाला मी अकरा दिवस लावले. त्यातले सहा दिवस नावात गेले. मला हवी असलेली सगळी नावे कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेली होती, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी जाऊन पाहावे तर आत एकच नोंद: "नमस्कार! हा माझा पहिला ब्लॉग." उरलेले पाच दिवस पार्श्वभूमीचा रंग निवडण्यात गेले. त्या रंगावर अक्षरे धड दिसत नाहीत हे पुढे एका वाचकानेच कळवले, तेव्हा मुकाट्याने पांढरा रंग घेतला. आपण मराठी माणसे आरंभशूर असतो असे म्हणतात. माझे तर आरंभाच्या तयारीतच शौर्य संपले होते.

एका गोष्टीवर मात्र वेळ घालवला तो सत्कारणी लागला, आणि ती गोष्ट म्हणजे नोंदीचा पत्ता. देवनागरीत शीर्षक दिले की काही ठिकाणी त्याच शीर्षकावरून पत्ता तयार होतो. समोरच्या पट्टीत तो छान मराठीत दिसतो, पण कोणाला पाठवावा म्हणून उचलून निरोपात चिकटवावा तर टक्क्याची चिन्हे आणि रोमन अक्षरांची ओळच्या ओळ सांडते. याचे कारण साधे आहे. संगणक आपले प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांत, म्हणजे साठवणीच्या तीन घरांत, साठवतो आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिला जातो. 'ब्लॉग' या शब्दात ब, हलन्त, ल, ऑची मात्रा आणि ग अशी पाच चिन्हे आहेत. पाच गुणिले नऊ, म्हणजे या एवढ्याशा शब्दाचा पंचेचाळीस अक्षरांचा शेपटा होतो. मी एकदा आठ शब्दांचे भावपूर्ण शीर्षक देऊन तो पत्ता मैत्रिणीला पाठवला, तर "तुझ्या फोनमध्ये व्हायरस शिरला आहे का?" असे तिचे उत्तर आले. तेव्हापासून शीर्षक मराठीत आणि पत्त्यासाठी दोन-तीन सुटसुटीत रोमन शब्द हाताने द्यायचे, असा मी नेम केला. हे प्रसिद्ध करण्यापूर्वीच करावे लागते, कारण एकदा वाटलेला पत्ता नंतर बदलला की आधीच्या दुव्यावरून येणारा माणूस बंद दारावर येऊन थडकतो.

फुकटच्या जागेवर लिहावे की स्वतःच्या पत्त्याचे नाव (डोमेन) विकत घेऊन लिहावे, यावर नवखी मंडळी फार खल करतात. मला तो खल सुरुवातीला अनाठायी वाटतो. विकतच्या नावाचे पैसे ठरावीक मुदतीने नव्याने भरावे लागतात आणि विसरले तर पत्ता हातचा जातो. फुकटची जागा देणाऱ्याने दुकान आवरले तर तीही जाते. जिओसिटीज या सेवेवर हौशी लोकांनी थाटलेली असंख्य पाने २००९ मध्ये ती सेवा बंद झाली तेव्हा त्यांच्या मूळ पत्त्यांवरून नाहीशी झाली. कुठेही लिहिले तरी सगळ्या नोंदींची एक प्रत अधूनमधून उतरवून आपल्याजवळ ठेवावी. तशी सोय बहुतेक ठिकाणी असते आणि बहुतेक लोक ती वापरत नाहीत. मीही पहिली तीन वर्षे वापरली नाही.

खरी कसोटी आहे ती 'प्रसिद्ध करा' या बटणाची. मसुदा म्हणून जपून ठेवलेला मजकूर कितीही वेळा वाचला तरी निर्दोष दिसतो, आणि बटण दाबल्याच्या दुसऱ्या क्षणी पहिल्याच ओळीत 'दीर्घ' हा शब्द ऱ्हस्व लिहिलेला आढळतो. हा चमत्कार कशाने घडतो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मसुदा आपण स्वतःच्या डोळ्यांनी वाचतो आणि प्रसिद्ध झालेली नोंद दुसऱ्याच्या, एवढाच त्याचा उलगडा मला करता आला. यावरचा माझा उपाय असा की संगणकावर लिहिलेले बटण दाबण्यापूर्वी एकदा फोनवर उघडून वाचायचे. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात, परिच्छेद भिंतीसारखे उंच दिसू लागतात आणि तोच मजकूर परका वाटतो. तेवढ्या परकेपणात निम्म्या चुका सापडतात.

बटण दाबल्यानंतर सुरू होतो तो आकड्यांचा नाद. पहिल्या दिवशी माझ्या नोंदीला चौदा भेटी पडल्या आणि मी हरखून गेले. त्यांतल्या अकरा माझ्याच होत्या. स्वतःच्या भेटी न मोजण्याची सोय असते हे नंतर कळले, आणि ती सुरू केल्यावर आलेख असा काही कोसळला की तो पाहणेच मी सोडून दिले. जाहिरातींतून मिळकत होईल या हिशेबाने येणाऱ्यांनी तर हा आलेख आधी नीट पाहून घ्यावा. याहून अधिक त्याविषयी बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. प्रतिक्रियांचेही तसेच. पहिली प्रतिक्रिया आली ती "अतिशय उपयुक्त माहिती, असेच लिहीत राहा" अशी, आणि तिच्याखाली कसल्याशा गोळ्या विकणाऱ्या दुकानाचा दुवा होता. ती यंत्राने टाकलेली आहे हे समजूनही मी ती दोन दिवस काढली नाही. दुसरे कोणी तेवढेही म्हटले नव्हते.

पुन्हा तारखेकडे येते. ब्लॉग बंद पडतो तो बहुधा तिच्या धाकानेच. दोन महिने लिहिणे झाले नाही की वरची तारीख टोचू लागते. मग एवढ्या खंडानंतर काहीतरी भरीव लिहावे असे वाटते, भरीव लिहायला आणखी वेळ जातो आणि तारीख आणखी जुनी होते. शेवटी क्षमायाचनेची नोंद पडते आणि ती वर्षानुवर्षे तशीच वर बसून राहते. आंतरजालावर पडीक ब्लॉगांची कमतरता नाही, आणि त्यांतल्या कितीतरींचे शेवटचे वाक्य "लवकरच भेटू" असे आढळते. यातून सुटण्याचा एक व्यवहारी मार्ग आहे. तीन नोंदी पूर्ण लिहून मसुद्यांत तयार असल्याखेरीज पहिली प्रसिद्धच करू नये, आणि दर सोमवारी लिहीन वगैरे घोषणा तर मुळीच करू नयेत. वाचक आपली वाट पाहत दारात उभा नसतो. त्याला नेमके काहीतरी हवे असते आणि ते शोधता शोधता तो एखाद्या जुन्या, आपणही विसरलेल्या नोंदीवर येऊन पोहोचतो.

माझ्या ब्लॉगवर सर्वाधिक वाचली जाणारी नोंद कोणती, याचे उत्तर माझ्या अभिमानाला फारसे मानवणारे नाही. पावसावर, एकांतावर, जुन्या पत्रांवर मी जीव ओतून लिहिले, आणि लोक येतात ते शाईच्या पेनात वाळलेली शाई कशी काढावी हे वाचायला. ती नोंद मी एका दुपारी, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून, वीस मिनिटांत लिहिली होती. पेन उघडून निब गरम पाण्यात बुडवून ठेवावी, असे तिच्यात होते. पाच वर्षांनी एका अनोळखी वाचकाचा निरोप आला, की आपल्या सांगण्याप्रमाणे केले आणि निबेखालची प्लास्टिकची जीभ वाकली. पाणी कोमट हवे होते. निरोपात राग नव्हता, पेन मात्र वडिलांचे होते असे लिहिले होते.

मी ती नोंद उघडली. 'गरम' हा शब्द काढून तिथे 'कोमट' लिहिता आला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता. मी तो तसाच ठेवला, त्यावर आडवी रेघ मारली, शेजारी 'कोमट' लिहिले, आणि खाली चुकीची दुरुस्ती कोणत्या निरोपावरून केली ते सांगून त्या दिवसाची तारीख घातली. वरची तारीख पाच वर्षांपूर्वीची, तळाची आजची. त्या वाचकाला उत्तर लिहिताना, जीभ स्वतंत्र बदलून मिळते का ते पाहावे असे सुचवले, आणि निब सरळ आहे ना, ते विचारले.