हॅम्बुर्गच्या डोंगरापुढे भोर घाटाचं गणित

बाबांनी तिकिटाच्या पाठीवर भागाकार मांडला तेव्हा आम्ही हॅम्बुर्गच्या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनात, स्वित्झर्लंडच्या डोंगराच्या प्रतिकृतीसमोर उभे होतो. 28000 भागिले 87. खिशातल्या पेन्सिलीच्या तुकड्याने त्यांनी उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्यापुढे धरला. "तीनशे बावीस मीटर. कर्जत ते लोणावळा. एवढंच!"

बाबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. नोकरीची बरीचशी वर्षं कर्जतला गेली. पावसाळ्यात दरड आली की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं आणि आई डब्यात चपात्या भरून द्यायची, हे माझं बालपण. याच माणसाने मी चौथीत असताना एका जुन्या कालनिर्णयच्या पानांच्या कोऱ्या बाजूला अख्ख्या घाटाचा आराखडा काढला होता. पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा. पाच-सहा पानं डिंकाने जोडून केलेली ती गुंडाळी कपाटावर असायची. पुठ्ठा, प्लास्टर आणि आगगाडीच्या विकतच्या सेटचे रूळ वापरून घाट उभा करायचा होता. मग ताईचं शिक्षण आलं, आजीचं आजारपण आलं, कर्जतची खोली सोडून कल्याणला आलो. गुंडाळी बरोबर आली, घाट राहून गेला.

म्हणून जानेवारीत ते माझ्याकडे जर्मनीत ब्रेमेनला आले तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं असेल तर हॅम्बुर्गच्या मिनिआटुर वुंडरलांडची, म्हणजे त्या छोट्या रेल्वेच्या प्रदर्शनाची, तिकिटं काढली. बाकी महिनाभर आम्ही कुठे कुठे गेलो ते लिहीत नाही. थंडी होती, ते टोपी काढायला तयार नव्हते, चर्च आणि पूल बघून झाले.

वुंडरलांड हॅम्बुर्गच्या जुन्या गोदामांच्या वस्तीत आहे. लाल विटांच्या उंच इमारती, मध्ये कालवे, आणि अशाच एका इमारतीत 1:87 या प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं करून मांडलेलं जग. सोळा किलोमीटरच्या वर रूळ, हजाराहून जास्त गाड्या. आपल्याएवढा माणूस तिथे जेमतेम दोन सेंटीमीटरचा. हे सगळं फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांच्या डोक्यातून निघालं. त्याआधी ते डिस्कोथेक चालवत. 2000 साली फ्रेडरिक झुरिकमध्ये फिरत असताना खेळण्यातल्या रेल्वेचं एक दुकान दिसलं, त्याने तिथूनच भावाला फोन केला की जगातली सगळ्यात मोठी रेल्वे आपण बांधू. बँकेकडे नेलेला आराखडा दोन पानांचा होता. त्यावर 20 लाख मार्कांचं कर्ज मिळालं आणि ऑगस्ट 2001 मध्ये दारं उघडली.

हे मी बाबांना गाडीत सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "दोन पानं? आणि बँकेने दिले?"

आमच्या आधी रांगेत एक बाई दोन मुलांना घेऊन उभी होती. तिने खिडकीपाशी हळू आवाजात काहीतरी सांगितलं आणि पैसे न देता आत गेली. जानेवारीत इथे तशी सोय आहे: ज्याला तिकीट परवडत नाही त्याने तसं सांगायचं, आत जायचं. पुरावा मागत नाहीत. मी बाबांना समजावून सांगितलं. जर्मनीत दहा वर्षांत मी पाहिलेला हा सर्वांत सुंदर व्यवहार आहे.

आत गर्दी खूप. वेळ ठरवून तिकीट घेतलं तरी विमानतळापाशी तीन-तीन रांगा असतात. तो 2011 साली सुरू झाला, बांधायला सहा वर्षं लागली, आणि खरोखरच विमानं धावपट्टीवर वेग घेऊन उचलली जातात. मोठी माणसं मोबाइल उंच धरून पुढे उभी राहतात आणि मुलांना मागून काही दिसत नाही, याचा मला फार राग येतो. एक माणूस दहा मिनिटं चित्रीकरण करत होता, त्याच्या कोपराखालून एक मुलगी वाकून बघत होती. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मुलीकडे बोट दाखवलं. मराठी ना जर्मन, पण तो बाजूला झाला.

मी दोन-अडीच तासांत बाहेर पडून जेवायचं ठरवलं होतं. आम्ही संध्याकाळी सहाला बाहेर पडलो. मध्ये फक्त एक कॉफी झाली.

कारण बाबा देखावे बघतच नव्हते. रिओ, व्हेनिस, स्कँडिनेव्हियातलं खऱ्या पाण्यावरचं बंदर, यांपुढून ते नुसते चालत गेले. ते सिग्नल बघत होते. एक मालगाडी उभी होती, तिच्या मागून येणारी गाडी लाल दिव्याशी येऊन थांबली. "बघ," त्यांनी माझा दंड धरला, "पुढचा ब्लॉक, रुळाचा पुढचा टप्पा, रिकामा नाही. थांबवली." मालगाडी हलली, थोड्या वेळाने दिवा बदलला, मागची निघाली. त्यांनी हे चार वेळा बघितलं. रस्त्यावरच्या मोटारींकडेही ते असेच खिळून राहिले. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तार असते आणि पुढच्या चाकांशी असलेलं चुंबक तिच्यामागून जातं, हे वाचून दाखवल्यावर ते गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि वळणावर एका ट्रकने दाखवलेला इशाऱ्याचा दिवा बघत राहिले. सारं चालवणारा नियंत्रण कक्ष उघडाच आहे, पडद्यांच्या भिंतीपुढे माणसं बसलेली दिसतात. तिथून त्यांना हलवायला मला अर्धा तास लागला.

दर पंधरा मिनिटांनी रात्र होते. वरचे दिवे आधी तांबूस, मग निळे, मग जवळजवळ विझलेले, आणि खाली खिडक्या, गाड्यांचे डबे, रस्त्यावरचे खांब लुकलुकायला लागतात. लहानपणी बाबा मला पुण्याला कोथरूडमधल्या भाऊ जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात घेऊन गेले होते. 1998 साली ते सुरू झालं, आम्ही त्यानंतर दोन-तीन वर्षांनी गेलो असू. तिथेही दिवे मालवून रात्र करत. अंधारात बाबांनी माझ्या कानात म्हटलं होतं, "आपला घाट यापेक्षा उंच करू." हॅम्बुर्गमध्ये अंधार झाला तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण मला ते वाक्य ऐकू आलं.

आणि मग तो डोंगर. स्वित्झर्लंडचा भाग दोन मजल्यांतून वर जातो, शिखर सहा मीटरच्या आसपास. भागाकार इथे झाला. नंतर दुसरा: कर्जतकडून लोणावळ्यापर्यंतची चढण साधारण साडेपाचशे मीटर, भागिले 87, म्हणजे सहा मीटरच्या जरा वर. "अगं, घाट इथे मावतो. उंचीलाही मावतो. तिन्ही लाइन धरल्या तरी एक किलोमीटर रूळ पुरेल."

तेवढ्यात डोंगराच्या उतारावरची झाडं असलेलं एक झाकण वर उचललं गेलं आणि खालून एका तरुण कामगाराचं डोकं बाहेर आलं. हातात बारीक ब्रश. तो धूळ काढत होता. बाबांनी त्याला हात केला आणि मराठीतच सुरुवात केली. मी धावत दुभाषी झाले.

त्यांनी तिकीट पुढे केलं. 37 ला 1 असा चढ, 1863 साली सुरू झालेला मार्ग, कर्जतला गाडीला मागून लावायची, चढावर ढकलणारी बँकर इंजिनं. तो ऐकत होता. मग बाबांनी कॅच सायडिंग काढून दाखवलं: घाट उतरणारी गाडी आधी थांबलीच पाहिजे. तोपर्यंत रूळ बदलणारा सांधा मुख्य मार्गाला लागलेला नसतो, बाजूच्या चढावर लागलेला असतो. ब्रेक गेलेली गाडी त्या चढावर, वाळूत जाऊन थांबते.

"वाळूतून बाहेर कशी काढता?" त्याने विचारलं.

"इंजिन लावून ओढतो. खूप वेळ जातो. पण माणसं वाचतात."

मी हे वाक्य जर्मनमध्ये सांगताना अडखळले. त्याने मान हलवली, ब्रश खिशात ठेवून तिकीट दोन्ही हातांत नीट धरून पाहिलं आणि परत दिलं. कालव्यावरचा पूल ओलांडून पलीकडच्या गोदामात दक्षिण अमेरिका वाढते आहे, तिकडे वर्षावन, अँडीज, अटाकामाचं वाळवंट असं बरंच ठरलेलं आहे, असं त्याने सांगितलं. भारताबद्दल बाबांनी विचारलं नाही. त्यांना ते विचारायचं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग झाकण बंद झालं, झाडं पुन्हा डोंगरावर सारखी दिसायला लागली.

चॉकलेटच्या कारखान्याशी बटण दाबलं की खरं चॉकलेट बाहेर येतं. बाबांना साखर आहे, त्यांनी ते ताईच्या मुलासाठी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवलं.

रात्री ब्रेमेनला पोचल्यावर त्यांनी ताईला फोन लावला. तिकडे पहाटेचे तीन वाजले होते. "माळ्यावर कालनिर्णयची गुंडाळी आहे का बघ," एवढंच बोलले. तिने सकाळी बघितलं. माळा दोन वर्षांपूर्वी वाळवीमुळे रिकामा केला होता, तेव्हा ती गेली असणार.

मी चहा घेऊन आत गेले तर बाबा मोजपट्टी घेऊन माझी पाहुण्यांची खोली मोजत होते. चार मीटर वीस. तिकिटाच्या पाठीवर आता जागा उरली नव्हती, म्हणून गुणाकार माझ्या वीजबिलाच्या पाकिटावर केला: 365 मीटर.

"चोवीस डब्यांची गाडीच साडेपाचशे मीटर होते," ते म्हणाले. मोजपट्टी सर्रकन आत गेली. थोडा वेळ भिंतीकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे मोठा कागद मागितला. "नुसतं मंकी हिल करू. सायडिंगसकट."