उरण लोकल, मोरा बंदर आणि मामांची दुर्बीण

लोकल उरणपर्यंत गेली ती 2024 च्या जानेवारीत. तेव्हापासून मामांनी लकडा लावला होता, एकदा जाऊन येऊ. परवाच्या रविवारी योग आला. नेरुळ स्टेशनवर पोचलो तर मामा आधीच बाकावर बसलेले. गळ्यात दुर्बीण, हातात पाण्याची बाटली. "उशीर केलास. जहाज असतं तर निघून गेलं असतं."

मामांनी उभी हयात एका शिपिंग एजन्सीत बोर्डिंग क्लार्क, म्हणजे जहाजावर जाऊन कागदपत्रं बघणारा माणूस, म्हणून काढली. एजन्सी आधी बॅलार्ड इस्टेटीत होती. बंदराचा धंदा खाडीच्या या बाजूला सरकला तशी तीही बेलापूरला आली आणि मामा गिरगावची चाळ सोडून नेरुळच्या सिडकोच्या घरात आले. लहानपणी त्या घरी गेलं की भिंतीवर अँटवर्प आणि सिंगापूरची कॅलेंडरं दिसायची. त्यांत संकष्टी सापडत नाही म्हणून मामी शेजारी पंचांगाचं एक वेगळं टांगायची.

एजंट म्हणजे नेमकं काय, हे मला गाडी सीवूड्स सोडून खाडीवर आली तेव्हा नीट कळलं. "मालक कोपनहेगनला, कप्तान पोलिश, खलाशी फिलिपिनो. यांतल्या कुणालाच इथलं काही ठाऊक नाही," मामा म्हणाले. "बर्थ, म्हणजे धक्क्यावर जागा मिळवायची, जहाज आत आणणारा पायलट मागवायचा, कस्टमला आयजीएम, म्हणजे आलेल्या मालाची यादी भरायची, गोडं पाणी, भाजी. कुणाची दाढ दुखली तर दाताचा डॉक्टरसुद्धा आम्हीच शोधायचा." बाहेर ओहोटी होती. तिवरांच्या मुळांशी चिखल चकाकत होता.

बामणडोंगरी, खारकोपर मागे पडलं. डबा बराच रिकामा झाला. जासई जवळ आल्यावर मामा जरा गप्प झाले. नवी मुंबईसाठी आणि न्हावा शेवाच्या बंदरासाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली इथले शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. पुढे 26 मे 1989 ला बंदराचं उद्घाटन झालं. कॅलेंडरांतल्या त्या गुळगुळीत जहाजांमागे हेही आहे, आणि मला ते फार उशिरा कळलं.

न्हावा शेवा स्टेशनानंतर कंटेनरच्या चळती दिसू लागल्या आणि मामांना पुन्हा कंठ फुटला. त्यांचा आवडता विषय पी अँड ओ. ही लंडनची बलाढ्य कंपनी 1914 मध्ये ब्रिटिश इंडिया या दुसऱ्या आगबोट कंपनीशी एक झाली, आणि लॉर्ड इंचकेप दोन्हींचे सर्वेसर्वा झाले. मुंबईत त्यांचं काम मॅकिनन मॅकेन्झी बघायची. यांच्या मक्तेदारीला टक्कर द्यायला सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी सिंधिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली 'लॉयल्टी' 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंधियाचा जीव मेटाकुटीला आणला. 1923 च्या करारात सिंधियाला मुख्यतः किनारी वाहतुकीवर समाधान मानावं लागलं. शाळेत हे सगळं दोन ओळींत उरकलं होतं. मामा सांगत होते ते सख्ख्या भावकीतल्या भांडणासारखं.

आणि आमच्या घराचा धागाही इथेच. आजोबा, म्हणजे मामांचे वडील, गुहागरकडचे. ते कुवेतला गेले ते ब्रिटिश इंडियाच्याच 'द्वारका' बोटीने. डेकचं तिकीट, एक वळकटी, एक पत्र्याची ट्रंक. मुंबईहून कराची, मस्कत, दुबई असं थांबत बोट वर बसऱ्यापर्यंत जायची. त्याच मार्गावरच्या 'दारा' बोटीवर 8 एप्रिल 1961 ला दुबईजवळ स्फोट होऊन 238 माणसं गेली, तेव्हा आजोबा सुट्टीवर घरी होते. आजीने त्यांना परत जाऊ द्यायला महिनाभर घोळ घातला. 'द्वारका' मात्र 1982 पर्यंत फेऱ्या मारत राहिली.

उरणला उतरून रिक्षाने मोरा गाठलं. धक्क्यावर सुक्या मासळीचा वास, भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचची रांग, आणि समोर घारापुरी. उजवीकडे दूरवर क्रेन. मामांनी दुर्बीण माझ्याकडे दिली.

"1997 मध्ये या न्हावा शेवा बंदरात खासगी टर्मिनलचा, म्हणजे कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या धक्क्याचा पहिला करार झाला, तो कुणाशी? पी अँड ओशी. वालचंदांशी भांडलेली तीच. आणि 2006 मध्ये ती पी अँड ओच विकत घेतली दुबईच्या डीपी वर्ल्ड या बंदरं चालवणाऱ्या कंपनीने." मामा खदखदून हसले. "बाबा त्यांच्या डेकवर झोपून दुबईवरून गेले. आता दुबईवाले इथे माल उतरवतात आणि मी त्यांच्या गेटवर पास दाखवतो. दाखवायचो."

आणखी एका टर्मिनलचे मालक सिंगापूरचे, दुसऱ्या एकाचे डेन्मार्कचे. बंदराचं स्वतःचं जुनं टर्मिनलही 2022 मध्ये खासगी हातात गेलं. ते घेतलं 1916 पासून मुंबईत एजन्सी चालवणाऱ्या जे. एम. बक्षीने, फ्रेंच भागीदार घेऊन. याचं मामांना विशेष अप्रूप. एजंट म्हणजे दुसऱ्याच्या जहाजाची उस्तवार करणारा माणूस. त्यातला कुणीतरी धक्क्याचा कारभारी झाला, एवढं त्यांना पुरे होतं. मला त्यात जरा जास्तच भाबडेपणा वाटला, पण बोललो नाही.

चहा प्यायला वळलो तेवढ्यात खाडीवरून एक लांब भोंगा आला. कंटेनरांनी लादलेलं जहाज दोन टगांच्या, म्हणजे जहाज ओढणाऱ्या बोटींच्या मधून हळूहळू वळत होतं. मामांनी चहा तसाच ठेवला, घड्याळ बघितलं, खिशातून पेन काढलं आणि परतीच्या तिकिटामागे लिहिलं: 4.10.