क्लेझ्मर क्लॅरिनेट: स्वर बसले, हुंदका बसायचाय

सध्या मुक्काम 'द क्लेझमॅटिक्स'च्या 'फून ताश्लिख' या धूनवर आहे. १९८६ साली न्यूयॉर्कमध्ये जमलेला हा क्लेझ्मर बँड. २००६ च्या 'वंडर व्हील' अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्यामुळे बरेच जण तिथून सुरुवात करतात. क्लॅरिनेटवाल्यांनी मात्र आधी 'रिदम अँड ज्यूज' ऐकावा. त्यात क्लॅरिनेटवर डेव्हिड क्राकावर आहे, आणि 'फून ताश्लिख'मध्ये तो अक्षरशः सुटलाय.

(कोणी विचारायच्या आधी: आपल्या कोकणातल्या बेने इस्रायलींच्या कीर्तनांशी याचा संबंध नाही. क्लेझ्मर म्हणजे पूर्व युरोपातल्या यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंचं लग्नातलं संगीत.)

बोटांची तयारी म्हणून रोज 'फ्रेगिश' ही क्लेझ्मरची स्वरमाला घोटतोय. सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. म्हणजे बसंत मुखारीचेच स्वर, त्यामुळे कानाला काहीच नवं नाही. अडचण वाद्याची आहे. ही मंडळी बहुतेक डी हा सा धरून वाजवतात, म्हणजे आपल्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटवर सा येतो ई वर. मग शुद्ध ग आणि म नेमके 'गळ्याच्या' स्वरांत (खालच्या पट्टीच्या टोकाचे, जवळजवळ सगळी बोटं उघडी ठेवून वाजणारे) पडतात, जिथे आवाज मुळातच पोकळ असतो. आणि लगेच पंचमाला रजिस्टर की (वरच्या पट्टीत नेणारी कळ) दाबून सगळी बोटं एकदम खाली! ग-मला उजव्या हाताची बोटं आधीच झाकून ठेवली तर आवाजही भरतो आणि पंचमावर जाताना धक्का बसत नाही. आता मध्यम लयीत हा जोड ऐकू येत नाही.

खरी लढाई 'क्रेख्त्स'शी, म्हणजे तो हुंदका. मींडेच्या सवयीने हात लावला की सगळं गोडगोड होतं आणि चव जाते. मुख्य स्वर संपता संपता वरच्या स्वराला जेमतेम स्पर्श करायचा आणि तो धड उमटायच्या आत घशातच दाबायचा. क्राकावरकडून हे उचलणं अवघड, कारण त्याच्याभोवती ढोल, ट्रम्पेट, सगळा गलका आहे. म्हणून मूळ क्लॅरिनेटवाला नफ्तुले ब्रँडवाइन, त्याची जुनी ७८ आरपीएमची तबकडी वेग कमी करून ऐकतो. हा गृहस्थ म्हणे आपली बोटं कोणी चोरू नयेत म्हणून श्रोत्यांकडे पाठ करून वाजवायचा. दुसरा जुना क्लॅरिनेटवाला डेव्ह टॅरस जास्त घोटीव आहे, पण शिकायला मला ब्रँडवाइनचा खडबडीतपणाच बरा वाटतो. दहातला एखादा हुंदका माझ्याकडून नीट निघतो, बाकीच्यांना उचकी म्हणा.

'बुल्गार' या नाचाच्या प्रकाराची चाल अनपेक्षितपणे लवकर जमली. आठ मात्राच, पण तीन-तीन-दोन. तबला अ‍ॅपवर केरवा लावून बसू नका, चार-चारची सवय लागून जोर भलतीकडेच पडतो. नुसत्या टाळीवर म्हणा, मग फुंका.

पुढे 'डोयना' हा प्रकार घेणार. तालाशिवाय, आलापासारखी सैल. हार्मोनियमवाला मित्र साथीला तयार आहे, पण तो षड्ज धरून बसायच्या बेतात आहे आणि डोयनात साथीचे सूर मध्येच बदलतात. त्याला तीन रेकॉर्डिंग पाठवलीत, अजून एकही ऐकलेलं नाही.